बाहेरच्या खोलीतली मोटारसायकल

३ नोव्हेंबर, सोमवार

गॅरेजवाल्याने माझ्या गाडीला हात लावायला नकार दिला. कारण मी!

गेल्या आठवड्यात तो आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आला होता. दंडाला पट्टा बांधला, कापूस फिरवला, सुई अजून माझ्या हातातच — आणि हा एवढा आडदांड माणूस खुर्चीतून घसरून सरळ जमिनीवर. बाहेर बसलेल्यांनी पाहिलं. त्यातला एक नेमका त्याच्याच गल्लीतला. आता म्हणे सगळे त्याला 'पट्टापडू' म्हणतात. मी कोणाला काही बोलले नाही. घरी सांगितलं फक्त. आणि भाजीवालीला. पण तिने विचारलं होतं.

आज गाडी घेऊन गेले तर मान वर न करता म्हणतो, "वेळ नाही. पुढच्या महिन्यात बघू." समोर एक गाडी उभी नव्हती. बाकावर मांजर झोपलं होतं. तोही बहुतेक त्याच्या शेजारी झोपूनच उठला असावा, गालावर बाकाच्या पट्ट्या उमटल्या होत्या.

गाडी तर खोकतेय. सकाळी सुरू व्हायला नखरे, चढावर दम लागतो, मागून काळा धूर. मला रोज घरोघरी रक्त गोळा करत फिरायचं असतं. लोक उपाशीपोटी दारात वाट बघत बसलेले असतात, आणि उपाशी माणसासारखं वाईट तोंड कोणाचं नसतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, मीच करते सर्व्हिसिंग. तो म्हणाला, "त्याचं पुस्तक आहे का आपल्याकडे?"

गाडी मी लग्नाआधी जुनीच घेतली होती. पुस्तक-बिस्तक काही नव्हतं तिच्याबरोबर.

"मग कसं करणार?"

"नट उघडायचे, पुसायचे, परत लावायचे."

त्याने आपली खुर्ची थोडी मागे सरकवली. बँकेतला माणूस. पांढरा शर्ट, पांढरा रुमाल. पेनाची शाई बोटाला लागली तरी दोनदा साबण लावतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नणंदेचा फोन. महिनाअखेरच्या रविवारी ती बाबांना न्यायला येणार. कायमचं. "तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. ते एकटे भिंतीकडे बघत बसतात. माझ्याकडे माणसं आहेत, बाग आहे. खिडकीजवळ पलंग टाकलाय त्यांच्यासाठी."

खोटं काही बोलली नाही. सासूबाई गेल्यापासून बाबा बाहेरच्या खोलीत पलंगावर बसून असतात. जेवायला हाक मारली की येतात, जेवतात, ताट उचलून ठेवतात, परत जातात. शाळेत भूगोल शिकवायचे. आवाज म्हणे असा की मागच्या बाकावर झोपलेला मुलगा दचकून उठायचा. मी तो आवाज कधी ऐकलेला नाही. मला ऐकू येतं ते एवढंच — "अगं, त्याला सांग, पंखा कमी कर." 'तो' शेजारच्या खुर्चीत. मग 'तो' मला म्हणतो, "त्यांना विचार, आता ठीक आहे का." या घरात मी सून कमी आणि टपालखातं जास्त.

भांडण म्हणावं तर झालेलं नाही. सासूबाई होत्या तेव्हा टपाल त्यांच्याकडे होतं, एवढंच. त्या गेल्या आणि पेटी माझ्या गळ्यात आली.

खरं लिहायचं तर फोन ठेवल्यावर हायसं वाटलं. लगेच वाईटही वाटलं. पण हायसं आधी वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

शुभारंभ. दाराबाहेर गोणपाट पसरलं, गाडी उभी केली, पाने मांडले. आधी ऑइल काढायचं ठरवलं, कारण तेवढं गॅरेजवाल्याला करताना पाहिलं होतं. खाली एक मोठा नट असतो, तो सोडला की ऑइल पडतं.

नट हलेना. जोर लावला. पाठ टेकून पायाने पाना दाबला. रस्त्यावरून जाणारे थांबले. एक आजोबा म्हणाले, "उलटं फिरवताय." त्यांना म्हटलं, मला माहितेय. मग सुलटं फिरवलं आणि तो लोण्यासारखा सुटला.

तेव्हा लक्षात आलं, खाली काही ठेवलेलंच नाही! बोटाने भोक दाबून धरलं आणि ओरडले — भांडं आणा कोणीतरी! नवरा अंघोळीला. बाबा आले. माझ्याकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं, आत गेले. खूप वेळ आतून भांड्यांचे आवाज. मग मीच न राहवून एका हाताने भोक दाबत दुसऱ्या हाताने दारातलं, घासायला ठेवलेलं मोठं पातेलं ओढलं. ऑइल भसाभस त्यात. डांबरासारखं काळं.

बाबा बाहेर आले. हातात एक रिकामी बाटली, तोंड एवढंसं. ती तशीच धरून उभे राहिले आणि पातेल्याकडे बघत राहिले. मग मलाही दिसलं. सासूबाईंचं पातेलं. माहेराहून आणलेलं, काठावर त्यांचं नाव कोरलेलं.

"बाबा, मी घासून देते. चकचकीत करते, खरंच —"

बाबा वाकले. नीट आत पाहिलं. म्हणाले, "तिचाही चहा असाच व्हायचा."

आणि हसले! म्हणजे तोंड फारसं हललं नाही, पण खांदे हलले. मी बोट काळं करून बसलेली, मलाही हसू आवरेना. नवरा ओल्या केसांनी दारात आला आणि आमच्याकडे असं बघायला लागला की जणू आम्ही दोघं पेट्रोल प्यायलोय.

९ नोव्हेंबर, रविवार

पातेलं पाच वेळा घासलं. नवरा म्हणतो, वास येतोय. बाबा म्हणाले, "त्याला सांग, त्याच्या आईने त्यात एकदा रंग उकळून पडदे रंगवले होते. त्यानंतरही आपण जेवलोच."

सांगितलं.

नवरा म्हणाला, "त्यांना सांग, म्हणूनच म्हणतोय."

१२ नोव्हेंबर, बुधवार

फोनवर व्हिडिओ बघत चेन साफ केली. व्हिडिओतला माणूस कोणती भाषा बोलतो कळलं नाही. गाडीही वेगळीच निघाली. त्याच्या गाडीला जिथे चेन, तिथे आमच्याकडे दुसरंच काहीतरी.

चेनला तेल घातलं. जरा जास्त झालं. एक चक्कर मारून आले तर पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत काळी रेघ. लॅबमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या पाठीवर कोणी समास आखलाय का?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज गाडी घरात आली. टाकी, सीट, बाजूची झाकणं सगळं काढलं होतं. एवढं उघडंवाघडं रस्त्यावर कसं ठेवायचं? पेट्रोलची टाकी मागच्या अंगणात ठेवली आणि बाकी गाडी ढकलत बाहेरच्या खोलीत. बाबांच्या पलंगासमोर. त्यांची भिंत झाकली गेली. बिचाऱ्यांना बघायला भिंतही उरली नाही.

मी पार्ट काढून काढून जमिनीवर ठेवत होते. बाबा वरून बघत होते. मग म्हणाले, "हे कुठून काढलं?"

"इथून."

"आणि हे?"

"इथूनच... नाही, पलीकडून. बहुतेक."

"बहुतेक!" हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला, त्या सुरात किती पिढ्या बाकावर उभ्या राहिल्या असतील!

उठले. कपाटातून खडू काढला. (खडू अजून ठेवलेत!) गुडघ्यावर हात देत देत खाली बसले आणि जमिनीवर गाडीचा नकाशा काढायला लागले. पुढचं चाक इकडे, मागचं तिकडे, मध्ये इंजिन. जो पार्ट जिथून निघाला त्या जागी तो नकाशात ठेवायचा. नावं आम्हा दोघांनाही येत नव्हती. मग बाबांनीच दिली. लांबट आहे ते 'द्वीपकल्प'. गोल रबर म्हणजे 'बेट'. दोन पाइपांच्या मधली अरुंद जागा — 'सामुद्रधुनी'. एअर फिल्टर काढला तर त्यातून वाळू, काडीकचरा आणि एक मेलेला भुंगा. बाबा म्हणाले, "वाळवंट."

नवरा जेवायला बोलवायला आला तेव्हा आम्ही सामुद्रधुनीत काड्या घालत होतो. दारातूनच परत गेला. जेवताना बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू!

सकाळी मी बाजारात गेले, ब्रेकच्या पट्ट्या आणायला. बाबा फिरायला गेले होते, म्हणजे कोपऱ्यापर्यंत. कितीतरी दिवसांनी उंबऱ्याबाहेर पडले म्हणून मी खूश. नवरा घरी एकटा. त्याला वाटलं, आपणही काहीतरी मदत करावी.

मी आले तर बाहेरची खोली लख्ख! फरशी पुसलेली, फिनेलचा वास. सगळे नट, बोल्ट, वायसर, बेटं, द्वीपकल्पं — एका बरणीत. वर झाकण. झाकणाला कागद चिकटवलेला, त्यावर सुंदर अक्षरात 'सामान'.

मी मटकन खालीच बसले. तो हसऱ्या तोंडाने उभा. "किती पसारा होता गं!"

तेवढ्यात बाबा दारात. त्यांनी फरशी पाहिली. बरणी पाहिली. मग मला तो आवाज ऐकायला मिळाला.

"काय केलंस हे?"

पलीकडच्या घराची खिडकी उघडली. मी चुकून उभी राहिले. नवराही ताठ झाला, हात बाजूला.

"साफ केलं."

"नकाशा होता तो!"

"मला काय माहीत? मला वाटलं, कोणीतरी खडूने रेघोट्या मारल्यात!"

"सत्तर वर्षांचा माणूस रेघोट्या मारेल?"

"मग तुम्ही सांगायचं ना मला!"

"तू विचारायचंस ना!"

मी एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. मधेच उमगलं — अरे, टपाल बंद आहे. थेट चाललंय! दोघं लालबुंद होऊन भांडत होते, सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा. मी हळूच स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. रडूही येत होतं आणि हसूही. मुख्यतः त्या बरणीकडे बघून रडू.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी नाही म्हणून बसने फिरते आहे. रक्ताची पेटी मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, "डबा का?" हो म्हटलं. "काय आहे आज?" म्हणाली. आता खोटं तरी किती बोलायचं? सांगितलं.

पुढच्या थांब्यावर उतरली. तिचा नव्हता तो थांबा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बरणी ओतली. बाबा प्रत्येक नट उजेडात धरून बघतात आणि म्हणतात, "हा गृहस्थ मागचा वाटतो." कशावरून विचारलं तर, "चिखल बघ ना. पुढच्याला एवढा चिखल लागेल का?" बरोबर असतं की नाही कळायला मार्ग नाही. पण खात्री अशी देतात की बसवताना हात थरथरत नाही.

नवरा ऑफिसातून आल्यावर दारात उभा राहतो. उंबरा ओलांडत नाही. "तो तिकडचा नाही," असं एकदा म्हणाला. बाबा म्हणाले, "तुला बरं माहीत!" तो म्हणाला, "बरणीत घालताना मी त्याच बाजूने उचलला होता." आणि आत गेला. बाबांनी नट फिरवून बघितला. दुसऱ्या बाजूला चपखल बसला.

"हं," बाबा म्हणाले. खूप मोठं 'हं' होतं ते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गाडी उभी राहिली. सगळं लागलं. काही उरलं नाही, उलट एक बोल्ट कमीच पडला. तो बाजारातून आणला. कार्बोरेटर ब्रशने घासला, नवं ऑइल ओतलं (पातेल्यातून नाही), चेन या वेळी कोरडीच ठेवली. प्लग काढून घासताना हातातून पडला, फरशीवर टणकन. पुसून परत लावला.

ढकलत बाहेर काढली. बाबांनी शर्ट बदलला. समारंभच! मी किक मारली.

काही नाही.

परत मारली. परत. चप्पल काढून मारली. बाबा म्हणाले, "जरा दम दे तिला." दम दिला. बाबांनी स्वतः मारली. मी म्हटलं, गुडघा! ते म्हणाले, "गुडघ्याचं काय घेऊन बसलीस!" आणि गुडघा धरून पायरीवर बसले. शेवटी नवऱ्याने ढकलायचं ठरलं. त्याने आधी रुमालाने कॅरियर पुसलं, मग ढकललं. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. गाडीचा एक चकार शब्द नाही. आधी निदान खोकत तरी होती. आता मौनव्रत.

नवरा घामाघूम होऊन म्हणाला, "माझ्या बरणीत होती तेव्हा निदान त्रास तरी नव्हता."

बाबा हसले. याच्या बोलण्यावर ते हसलेले मी पहिल्यांदा पाहिले. यानेही ते पाहिलं. लगेच रुमाल काढून चष्मा पुसायला लागला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गॅरेजवाला लॅबमध्ये आला. डॉक्टरांनी तपासणी करायलाच सांगितलीय, पळणार कुठे! खुर्चीत असा बसला की जणू मी त्याचं मुंडकं उडवणार आहे. म्हणाला, "बाई, मागचं विसरा. फक्त माझ्याशी काहीतरी बोलत राहा. मी तिकडे बघत नाही."

मला काय, देवानेच संधी दिली. पट्टा बांधता बांधता विचारलं, "समजा एखादी गाडी सगळी उघडून साफ केली, परत लावली, आणि आता अजिबात सुरू होत नाही. तर?"

डोळे घट्ट मिटून, पण रंग परत आला तोंडावर. "पेट्रोल येतंय?"

"येतंय."

"किक मारल्यावर इंजिन फिरतंय?"

"फिरतंय." मी सुई टोचली. त्याला कळलंही नाही.

"मग काही विशेष नाही. लोक उगाच सगळं उघडत बसतात. अशा वेळी आधी सगळ्यात स्वस्त वस्तू बदलायची. म्हणजे —"

आणि डोळे उघडले. समोर त्याचंच रक्त, नळीत.

धाडकन!

शुद्धीवर आल्यावर पाणी पाजलं, बिस्किट दिलं आणि विचारलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "काय म्हणजे काय?" त्याला काही आठवेना. माझी तरी किती मागे लागायची हिंमत होणार? पण या वेळी बाहेर कोणी नव्हतं. मी म्हटलं, कोणाला कळणार नाही. भाजीवालीलासुद्धा नाही. तेव्हा जरा बरं वाटलं त्याला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

घरात एकच विषय. सगळ्यात स्वस्त वस्तू कोणती? मी म्हणते, एखादा वायसर. बाबा म्हणतात, प्लग. नवरा म्हणाला, "सगळ्यात स्वस्त म्हणजे बस." आम्ही दोघांनी मिळून त्याला गप्प केलं.

नणंदेचा फोन आला, रविवारी सकाळी पोचते. बाबा फोनवर "हो, हो" म्हणाले. मग प्लगचा विषय परत निघाला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

प्लगच!

नवा आणला. नवऱ्याला बॅटरी धरायला उभा केला, कारण आत अंधार आणि माझे दोन हात कमी पडत होते. तो हात लांब करून, अंग मागे ठेवून उभा. जणू आत साप आहे. बाबा सांगत होते, मी फिरवत होते. जुना निघाला. उजेडात धरला तर पांढऱ्या भागाला बारीक चीर. मी पाडला होता ना, तेव्हाची. बाबांनी तो खिडकीत ठेवला. नवा बसवला, वायर खोचली.

एक किक. फक्त एक. आणि गाडी अशी बोलायला लागली की मी पाच वर्षांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता. खोकला नाही, काळा धूर नाही. बाबांनी टाळी वाजवली. मी त्यांना मागे बसवलं. गल्लीतून बाहेर, मोठ्या रस्त्यावर, पुलावरून पलीकडे. चढावर मुद्दाम नेली. एका दमात चढली. बाबा मागून मोठ्याने सांगत होते, "हे पठार... आता उतार लागेल... डावीकडे नदीचं वळण बघ, अर्धचंद्र कसा झालाय!" इतकी वर्षं या रस्त्याने जाते. ते वळण अर्धचंद्रासारखं आहे हे आज पाहिलं.

येताना गॅरेजवरून आले. मुद्दामच. तो बाकावरून उठून उभा राहिला. कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. तेवढं पुरे.

घरी आलो. बाबांनी हात धुतले. बराच वेळ धुतले. मग कपाटावरची बॅग खाली काढली.

मी म्हटलं, "बाबा, सकाळी भरूया की."

"सकाळी घाई होते. आणि झाली ना आता गाडी. माझं इथलं काम संपलं."

शर्टाच्या घड्या घालत होते. खडूची पेटी हातात घेतली, क्षणभर धरली आणि कपाटात परत ठेवली. मला म्हणायचं होतं, राहा. शब्द ओठांवर आला आणि वाटलं, मी कोण? लेकीने हौसेने पलंग टाकलाय. आणि मलाच महिन्यापूर्वी फोन ठेवून हायसं वाटलं होतं.

नवऱ्याकडे बघितलं. त्याने म्हणावं. मुलगा आहे तो. तो पेपर वाचत होता. पान उलटलं नाही, मान वर केली नाही. जेवताना बाबा त्याला थेट म्हणाले, "मीठ दे." त्याने दिलं. बस. एवढंच बोलणं बापलेकाचं, शेवटच्या दिवशी.

असा राग आला त्याचा! न बोलताच झोपते आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

नणंदताई दहाच्या सुमाराला आल्या. त्यांच्या कारमध्ये मागच्या सीटवर बाबांसाठी उशी ठेवलेली. चहा झाला. बॅग दारात. बाबा म्हणाले, "थांब, तुला एक गंमत दाखवतो." आणि कडक इस्त्रीच्या शर्टात गाडीपाशी गेले. मी किक मारली.

काही नाही.

कालची एका किकेवाली गाडी! परत मारली. दहादा मारली. ढिम्म. बाबांच्या कपाळावर आठी. "काल तर —"

"बाबा, राहू दे ना," ताई म्हणाल्या. "ऊन व्हायच्या आत निघू."

"एक मिनिट."

ते एक मिनिट दुपारपर्यंत चाललं. बाबांनी बाह्या सरसावल्या. "पेट्रोल बघ. टाकीत कचरा असेल. प्लग काल बदललाय, तो सोडून बाकी सगळं बघू." नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, "मला वाटतं, कार्बोरेटर असेल." कार्बोरेटर हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"शक्य आहे," बाबा म्हणाले. "अगं, खडू आण."

बघता बघता टाकी खाली, सीट खाली, गाडी परत बाहेरच्या खोलीत. बाबांचा इस्त्रीचा शर्ट काळा. जमिनीवर नवा नकाशा. नवऱ्याला दम भरला, "फडक्याला हात लावलास तर बघ!" तो म्हणाला, "नाही लावत." पलीकडची खिडकी परत उघडली.

ताई पदर खोचून माझ्या शेजारी उभ्या होत्या. आधी चिडल्या होत्या, ते दिसत होतं. दोनदा घड्याळ बघितलं. मग बघायच्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, "बाबांचा आवाज परत आला की गं."

"हो."

"कधीपासून?"

काय सांगणार! म्हटलं, "पातेल्यापासून." त्यांना कळलं नाही, पण विचारलंही नाही.

बाबा जमिनीवरूनच म्हणाले, "हे बघ, असं अर्धवट टाकून मला येता यायचं नाही. हिला रोज कामाला जावं लागतं. गाडी झाली की मी तिच्यावर बसूनच येईन तुझ्याकडे. मागे बसून. रस्ता मला माहीत आहे."

ताईंनी डोळे पुसले आणि हसल्या. "किती दिवस लागतील?"

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी गाडीकडे. उत्तर नवऱ्याने दिलं. "सांगता येत नाही," म्हणाला, अगदी गंभीरपणे. "पुस्तक नाहीये ना तिचं."

ताई जेवून निघाल्या. उशी ठेवून गेल्या. बाबांनी ती गुडघ्याखाली घेतली आणि कार्बोरेटर उघडला.

१ डिसेंबर, सोमवार

धुवायला कपडे काढले. नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाचा खिसा जड लागला. रुमालाची नीट गाठ मारलेली. सोडली. आत प्लग — परवा मी लावला तोच, नवा. खिडकीत जाऊन पाहिलं. चीर गेलेला जुना तिथे नाही.

रुमालाला परत गाठ मारली. खिशात ठेवला. शर्ट न धुता खुंटीला लावला.

कामावर जाताना बसचा पास काढला. महिन्याचा.